मावशीचे उंदीर आणि माझं सुवाच्य अक्षर

मी एकदा मदतीला उभी राहिले की समोरच्याचं कल्याणच होतं! हे मी परवापर्यंत छातीठोकपणे सांगायचे.

माझी मावशी संशोधक. यकृत बिघडलं की मेंदूतली प्रथिनं कशी बदलतात, हे ती उंदरांवर शोधते. सुट्टीत मी तिच्या प्रयोगशाळेत थडकले. बर्फाच्या डब्यात बारा नळ्या होत्या: सहा निरोगी उंदरांच्या मेंदूचा अर्क, सहा आजारी उंदरांचा.

"ठमे, हात लावू नकोस. दुपारी मोठे सर निकाल बघणार आहेत. पटला तर काम पुढे चालू, नाहीतर गाशा गुंडाळायचा!" असं बजावून मावशी चहाला गेली.

नळ्या कसल्या कळकट! मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि लख्ख पुसल्या. इतक्या लख्ख, की 'निरोगी' आणि 'आजारी' ही अक्षरंही गेली!

माझ्याच यकृतात गोळा आला. पण डगमगेल ती मी कसली! गढूळ दिसल्या त्यांवर 'आजारी' लिहिलं, उरलेल्यांवर 'निरोगी'.

मावशी आली. "अगंबाई! पुसट अक्षरं गिरवलीस? गुणाची गं माझी!"

आता अशा वेळी कुणी खरं बोलतं का? मी लाजले.

दुपारी निकाल आला: प्रत्येक नळीमागे एक रेषा, प्रथिन जितकं जास्त तितकी गडद. मावशीच्या कल्पनेप्रमाणे एक प्रथिन आजारी उंदरांत कमी, म्हणजे त्यांच्या रेषा फिकट हव्यात. इथे गडद, फिकट, फिकट, गडद... झेब्रा बरा!

सर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुमची कल्पनाच चुकली. थांबवू या हे काम."

मावशीचा चेहरा त्या रेषांहून फिकट पडला. मला राहवेना.

"सर, कल्पना बरोबर आहे! अक्षर माझं आहे!"

मग मावशीने नळ्यांच्या झाकणांवरचं बर्फ खरवडलं. खाली तिने कोरलेले आकडे! झाकणं पुसायचा मला कंटाळा आला होता, म्हणून मला दिसलेच नव्हते.

वहीतल्या आकड्यांशी ताळा घेतला. सहाच्या सहा फिकट रेषा आजारी उंदरांच्या!

"काम चालू ठेवा," सर म्हणाले. "हिला मात्र आवरा."

आणि हो, मावशीच्या अहवालात माझा उल्लेख आहे बरं का! फक्त 'आभार' या मथळ्याखाली शोधू नका. 'चुकांची संभाव्य कारणे' बघा. तिसऱ्या क्रमांकावर, वीज जाण्याच्याही वर: भाची.