आधी पाय दाखव

आमच्या प्रकाशा गावात नवा माणूस आला की लोक त्याला गाव विचारतात. झिपरूनाना त्याचे पाय बघतात. तोंडाकडे बघायची तसदी घेत नाहीत. माझ्या पुतणीला बघायला मंडळी आली, मुलाचं शिक्षण, केळीची बाग सगळं विचारून झालं, आणि कोपऱ्यात बसलेले नाना म्हणाले, "पहिले पाय दखाड." मुलगा बिचारा मोजे काढायला लागला. लग्न तिथेच जमलं. पुतणी म्हणाली, इतका ऐकणारा नवरा शोधून सापडायचा नाही.

नानांनी जन्मभर शहाद्याला चपलांच्या दुकानात नोकरी केली. माणूस कामातून सुटला की देवाच्या नादी लागतो, हे कासवांच्या नादी लागले. माझं तापीच्या घाटावर नारळ-उदबत्तीचं दुकान आहे, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकट.

आमच्याकडे पुण्य मिळवायची एक सोपी रीत आहे. काम फत्ते झालं की बांधावर सापडलेलं कासव आणायचं, हळदकुंकू लावायचं आणि तापीत सोडायचं. कासव म्हणजे पाण्याचं, हे आपल्याला आईच्या पोटातूनच ठाऊक असतं. तिथे नाना आडवे येतात. कासव उलटंपालटं न करता, हलक्या हाताने त्याचे पाय बघतात. बोटांत पडदा असेल तर जाऊ देतात. त्यातही मऊ पाठीचं असलं तर नदीचं, आणि डबक्यातलं असलं तर उन्हाळाभर चिखलात झोपून राहणारं. (या जातीचे काही नमुने मी कचेऱ्यांतही पाहिलेत.) पण पाय खांबासारखे आणि पाठीवर पिवळ्या चांदण्या असल्या की ते कोरड्या माळावरचं, गवत खाणारं. पाण्यात टाकलं की बुडून मरतं.

"तुले बुडाडू का?" असं मग नाना त्या भाविकालाच विचारतात. तो निघून जातो आणि जाताना माझा नारळ परत करतो. कासव नाना वनरक्षकाकडे देतात. त्याला इतक्यांदा फोन केलाय की तो हॅलोच्या जागी "पाय पाहिले का?" म्हणतो.

हे सगळं दुसऱ्यांच्या बाबतीत फार गमतीचं होतं. मग गेल्या महिन्यात रनाळ्याहून माझी आक्का आली. सून बाळंत झाली होती, दोघं सुखरूप. आक्काचा नवस होता, एक जीव सोडीन. पाटीवरचं फडकं काढलं, तर आत कासव. पाठीवर चांदण्या.

मला कळायला हवं होतं, आणि कळलंही. पण आक्काशी वाद घालण्यापेक्षा कासव बुडालेलं परवडलं, असा शहाणा विचार मी केला. नाना पुढच्या पायऱ्यांशी टपरीवर चहा पीत होते. मी आक्काला मागच्या पायऱ्यांनी नेलं.

तिने कासव पाण्याशी धरलं आणि नाना अनवाणी धावत आले. सरळ गुडघाभर पाण्यात उतरून समोर उभे राहिले. आक्काही काही कमी नाही. "नवस मन्हा शे, तुम्हनं काय जास?" म्हणाली. आता नाना तिला बुडवायचं विचारणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

नाना हळूच बोलले. "आक्का, आम्हना घरबी असंच एक व्हतं."

नानींनी ते पाळलं होतं. कायद्यात बसत नाही, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं. रोज मेथीची पानं हाताने भरवायच्या. नानी गेल्या, त्यांच्या अस्थी घेऊन नाना याच घाटावर आले, तेव्हा कासवही बरोबर आणलं. तेही मोकळं होऊ दे म्हणून पाण्यात सोडलं.

"दोन डाव ते काठले उनं. माले वाटनं, माया लावस म्हनीसन ई ऱ्हायनं. मी दोन डाव मांगे लोटं."

दोनदा मागे लोटल्यावर तिसऱ्यांदा ते काठाला आलं नाही.

"जलमभर लोकेसना पाय दखात," नाना म्हणाले. "तेन्हा नही दखात."

माझी मला लाज वाटली. इतकी वर्षं या माणसावर हसलो आणि आज त्यालाच चुकवून मागच्या पायऱ्यांनी आलो होतो. आक्काने पदराने कासवाच्या पाठीवरचं कुंकू पुसलं. मग म्हणाली, जीव सोडायचा नवस आहे, तापीतच सोडीन असं मी कुठं म्हटलं होतं. आणि कासव नानांच्या हातात दिलं.

वनरक्षक येईपर्यंत नाना पायरीवर ते मांडीवर घेऊन बसले. आक्काने पिशवीतली मेथीची जुडी काढून एकेक पान त्यांच्या हातात दिलं. मी टपरीवर जाऊन नानांच्या चपला आणल्या आणि त्यांच्या ओल्या पायांशी ठेवल्या. मला दुसरं काही सुचलं नाही.