स्टाव्रोसाहेबांची सही

आमचे घरमालक स्टाव्रोसाहेब साखरेच्या डब्यालाही कुलूप लावत. विहिरीच्या रहाटाला कुलूप, कोंबड्यांच्या खुराड्याला कुलूप, आणि कमरेला किल्ल्यांचा असा जुडगा की अमरावतीच्या कॅम्पात साहेबांच्या आधी त्यांचा आवाज पोहोचायचा. कुलूप नव्हतं ते फक्त चेकबुकाला. ते व्हरांड्यातल्या टेबलावर उघडंच पडलेलं असे.

"त्याले कुलूप कशाले?" ते म्हणत. "माही सही मोडीत हाय. कोन करन तशी?"

साहेब मूळचे ग्रीक. कापूस खरेदीच्या एका पेढीतर्फे तरुणपणी अकोल्याला आले. पेढी बुडाली, हे राहिले. अमरावतीत बंगला घेतला, वरूडला संत्र्यांची बाग घेतली, आणि अकोल्याच्या कापूसबाजारात उचललेली वऱ्हाडी इतकी ठसक्यात बोलत की पुण्याहून आलेले वकील दचकत. बंगल्यामागच्या खोल्यांत मी राहत असे. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. भाड्याच्या बदल्यात साहेबांची इंग्रजी पत्रं लिहून देई.

मोडीची हौस त्यांना नारायणमास्तरांनी लावली. मास्तर माझेही शाळेतले गुरुजी. मी शिकलो तो त्यांच्यामुळे. पेन्शनीत निघाल्यापासून ते रोज संध्याकाळी व्हरांड्यात साहेबांना शिकवायला येत. धडा एकच, सही. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहायची. साहेब आधी अक्षरं लिहीत आणि मग वरून रेघ मारीत. ती दर वेळी घसरे.

"आधी रेघ, साहेब!" मास्तर कपाळाला हात लावत. "चौथीतलं पोट्टं शिकते, तुमाले काहून येत नाही?"

"उद्या येईन. तुमी उद्या या तं खरं, मास्तर."

मग चहा होई. अशी कित्येक वर्षं गेली.

एके दिवशी घरपट्टीचा चेक बँकेतून परत आला. खात्यात पैसे नव्हते. साहेबांचा गोरा चेहरा राखेसारखा झाला.

"लुटलं रे मले! मी परका मानूस. घरपट्टी थकली तं बंगल्यावर जप्ती आनतीन!"

कोटाची बटणं भलत्याच काजात अडकवून ते टांग्यात बसले. मलाही बखोटीला धरून बसवलं.

बँकेच्या मॅनेजरने वटलेले चेक टेबलावर मांडले.

"हे म्या नाही लिहिले! पोलिसाले बोलवा!" साहेब ओरडले.

मॅनेजर कॅशियरकडे वळला. "तुम्ही सही पाहिली नाही?"

"पाह्यली ना," कॅशियर बिचारा घाबरून म्हणाला. "नेहमीपेक्षा चांगली होती. मले वाटलं, साहेब शिकले एकदाचे."

मी वाकून पाहिलं. ताणलेल्या दोरीसारखी सरळ रेघ, आणि तिच्याखाली वाळत घातलेल्या धोतरांसारखी लटकलेली अक्षरं. हे वळण मी हातावर पट्टी खाऊन शिकलो होतो. मास्तरांची सून दिवाळीपासून अकोल्याच्या दवाखान्यात पडून होती, हे साहेबांना आणि मला, दोघांनाही ठाऊक होतं. चोरी करतानासुद्धा मास्तरांना वाकडी रेघ मारवली नव्हती.

साहेब चेककडे पाहत होते. किल्ल्या वाजायच्या थांबल्या होत्या.

"संशय कोणावर?" मॅनेजर म्हणाला. "नाव सांगा, आत्ता फौजदाराला बोलावतो."

साहेबांनी एक चेक उचलून डोळ्यांजवळ नेला आणि परत टेबलावर ठेवला.

"सही माहीच हाय," ते शेवटी म्हणाले. "इसरलो होतो."

"पण आत्ताच तर तुम्ही..."

"म्हातारा झालो, बापू. कागद आना."

मॅनेजरने कोरा कागद पुढे केला. साहेबांनी टाक बुडवला. आधी रेघ ओढली, एका दमात, सरळ. मग तिच्याखाली एकेक अक्षर, जागच्या जागी. चेकशेजारी कागद ठेवला तर फरक सांगता येईना.

मी आ वासून पाहत राहिलो. हा माणूस इतकी वर्षं रोज संध्याकाळी मास्तरांची बोलणी खात बसत होता!

परतताना टांग्यात मी हळूच विचारलं, "घरपट्टीचं काय करायचं?"

"वरूडची बाग इकू."

कॅम्प जवळ आला तसा त्यांनी माझा हात धरला.

"मास्तरले काही सांगू नको."

"चेकचं? नाही सांगणार."

"ते तं नकोच. पन मले सही येते, हे बिलकूल सांगू नको. येनं बंद करतीन ते."