नेमबाजीची मांडवपरतणी

पोलीस शिपाई मालन धायगुडेची नेमबाजी सोमवारी सकाळी तिच्या जुन्या सेल्फ लोडिंग रायफलीतून बोल्टच्या रायफलीत रीतसर हलवण्यात आली. राज्याच्या संघाची निवड बोल्टच्या रायफलीवर होणार होती. निवड झाली नाही तर पुन्हा मिरवणुकांचा बंदोबस्त, आणि त्याला मालन मनापासून विटली होती.

एरवी हे काम बिनबोभाट होतं. दोन्ही रायफली सतरंजीवर शेजारी ठेवायच्या, साहेबांनी हुकूम वाचायचा, की नेमबाजी मुकाट्याने इकडून तिकडे जाते. पण शस्त्रागाराचे हवालदार खरमाटे यांनी नुकतीच लेक सासरी पाठवली होती. त्यांचं मन अजून मांडवातच होतं. त्यांनी नेमबाजीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं. मालनच्या डोळ्यांत पाणी आलं, साहेबांनीही रुमाल काढला, आणि यात काही चुकतंय हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

नव्या घरी नेमबाजीची तारांबळ उडाली. जुन्या रायफलीत पुढची गोळी आपोआप चढायची, हिने नुसतं बसून राहायचं. इथे दर गोळीमागे बोल्ट ओढायचा, ढकलायचा, मोडलेली बैठक जमवायची, श्वास पुन्हा धरायचा. तरी ती रुळली. शनिवारी तर सगळ्या गोळ्या काळ्या ठिपक्यात बसल्या.

निवडीच्या सकाळी सरावाची पहिलीच गोळी मागच्या टेकडीत गेली. दुसरीही तिकडेच. खरमाट्यांनी रायफल रिकामी करून नळीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मांडवपरतणीला गेली," ते म्हणाले. "ओटी भरून पाठवली, म्हणजे एकदा माहेरी जाणारच ती."

जुनी रायफल आता कोषागाराच्या फाटकावर वाकचौरे शिपायाकडे होती. साहेबांनी जीप दिली. न्यायला सासरच्यांनीच जायचं असतं, म्हणून बोल्टची रायफल पुढच्या सीटवर बसवली. फाटकावर वाकचौऱ्याने बोटानेच गप्प राहायची खूण केली. नेमबाजी जुन्या रायफलीत गाढ झोपली होती. आल्यापासून एकदाही उठली नाही, असं तो हळूच म्हणाला.

साहेबांचा फोन आला. उठवा आणि घेऊन या, हुकूम दिला तर ती नाही म्हणणार नाही. ते खरंच होतं. मालनने जुन्या रायफलीच्या दस्त्यावर हात ठेवला. तिला स्वतःची मांडवपरतणी आठवली. सासऱ्यांनी जेवणाआधीच गाडी दारात लावली होती, आणि आई भरलं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली होती.

"झोपू दे तिला," ती म्हणाली. "मला बसूसुद्धा दिलं नव्हतं."

मग ती बोल्टची रायफल घेऊन मैदानावर गेली, आणि बोल्ट अगदी बिनचूक ओढत एकूण एक गोळी तिने टेकडीत घातली. निवड दुसऱ्याच कुणाची तरी झाली.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीचा बंदोबस्त आटोपून ती बोल्टच्या रायफलीसह फाटकावर गेली. नेमबाजी जागी झाली आहे, पण निघायचं मन दिसत नाही, असं वाकचौऱ्याने सांगितलं. मालन बरं म्हणाली, रायफल भिंतीला टेकवली, आणि सावली बघून खाली बसली.