बोअरच्या पाण्यावर आलेला आळ

सासूबाई पाण्याला "जड" म्हणाल्या, एवढंच निमित्त झालं. जावईबापू नोंदणी कार्यालयात अव्वल कारकून. कागदावर आल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, असा त्यांचा बाणा (स्वतःच्या लग्नावरही दाखला हातात पडेपर्यंत ठेवला नव्हता). त्यांनी इमारतीच्या बोअरचं पाणी तपासून घ्यायचं ठरवलं.

"अहो, उकळून पिऊ की," बायको म्हणाली.

"उकळून नायट्रेट जात नाही!" (हे त्यांनी सकाळीच वाचलं होतं.)

प्रयोगशाळेतून दोन बाटल्या मिळाल्या. मोठी क्षारांसाठी, छोटी जंतूंसाठी. छोटीच्या बुचावर कागद बांधलेला. तंत्रज्ञ बाईंनी नमुना कसा घ्यायचा ते सविस्तर सांगितलं आणि जावईबापूंनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं.

तीन दिवसांनी अहवाल आला. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, सगळं मर्यादेत. जंतूंच्या रकान्यात मात्र लिहिलं होतं, "मोजता न येण्याइतके. पिण्यास अयोग्य."

जावईबापूंनी आठ प्रती काढून आठही बिऱ्हाडांच्या दारांत टाकल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांच्या पोटात वाचता वाचताच दुखायला लागलं. शिक्षिकाबाईंनी विकतच्या पाण्याचे चार जार मागवले. तळमजल्यावर म्हातारे घरमालक राहत. ही बोअर त्यांनी भर उन्हात उभं राहून मारून घेतली होती. त्यांनी पंपाला कुलूप लावलं आणि किल्ली जावईबापूंच्या हातात आणून दिली.

"वीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांना हेच पाजलं हो," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्याच दिवशी जावईबापू प्रयोगशाळेत जाऊन हात जोडून उभे राहिले, तेव्हा तंत्रज्ञ बाई स्वतःच नमुना घ्यायला आल्या. त्यांनी पंपाचा नळ पाच मिनिटं वाहू दिला, तोटी ज्योतीवर शेकली, बूच आतून बोटही न लावता काढलं, बाटली भरली, बूच परत लावलं.

"तुम्हीही असंच केलं होतं ना?"

"जवळजवळ. मी आधी बाटली स्वच्छ धुतली होती."

"निर्जंतुक केलेली बाटली? कशाने?"

"साबणाने. आणि आमच्या ओट्यावरच्या स्पंजने. आतून. दोनदा."

मागे उभ्या असलेल्या बायकोने डोळे मिटून घेतले.

दोन दिवसांनी बाई नवा अहवाल घेऊन आल्या. जंतू शून्य. घरमालकांनी तो तीनदा वाचला, पंपाचं कुलूप काढलं आणि ते उभ्या उभ्या दोन पेले पाणी प्यायले. सगळी इमारत जमली होती. वकिलांचं पोट दुखायचं थांबलं, पण त्यांना प्रश्न पडलाच.

"मग ते मोजता न येणारे जंतू कुठले?"

सगळ्यांनी वर, जावईबापूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.

निघताना बाईंनी तो स्पंज मागितला. "आमच्या शिकाऊ मुलांना दाखवते. मुद्दाम वाढवले तरी इतके जोमाने वाढत नाहीत."

बायकोने तो चिमट्यात धरून पिशवीत टाकला. सासूबाईंनी गाठ मारली. आपणही काही मदत करावी म्हणून जावईबापूंनी खिशातलं पेन काढलं.

"पिशवीवर नाव काय लिहू?"

"तुमचंच लिहा," बायको म्हणाली. "शोध तुमचाच आहे."