कोरम पुरा झाला

चार माणसं बसली की पाचवं उठून जायचं, असा त्या विभागाच्या सभेचा जणू नियमच होता. आज ग्रंथकारसर उठले. "आलोच," म्हणाले आणि बाथरूमकडे चालू लागले. बाईंनी दात आवळले. ग्रंथकारसरांच्या 'आलोच'ला त्या अकरा वर्षं ओळखून होत्या. त्या 'आलोच'मध्ये दोन मुलाखती आणि एक प्रबंध तपासून व्हायचा.

बाई म्हणजे विभागाच्या कार्यालयाच्या अधीक्षक. वेळापत्रक, हजेरी, प्रश्नपत्रिका, कपाटांच्या किल्ल्या आणि प्राध्यापकांचे रुसवे, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. पहिल्या चार गोष्टींना नियम तरी होते.

विभाग समितीत सभासद सात. एक परदेशात शिकायला गेलेला, एकाचा पाय प्लास्टरमध्ये. उरले पाच, आणि सभा भरायला किमान पाचच लागत. त्याला कोरम म्हणायचं. एक जरी माणूस हलला की कोरम गेला आणि सभा मेली. गेल्या तीन सभा अशाच मेल्या होत्या. पहिल्या वेळी सतत परिसंवादांना धावणाऱ्या परिसंवादबाई विमानतळावर होत्या. दुसऱ्या वेळी विभागप्रमुखच सभा विसरले. तिसऱ्या वेळी पाचही जण आले, पण परीक्षकसरांना ग्रंथकारसरांच्या शेजारची खुर्ची मिळाली म्हणून ते दारातूनच परत फिरले.

त्या दोघांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. ग्रंथकारसरांनी सहाशे पानांचा ग्रंथ लिहिला, परीक्षकसरांनी त्याचं परीक्षण लिहिलं आणि त्यात ग्रंथाला नुसतं 'वाचनीय' म्हटलं. एवढ्यावर दोन विद्वानांची बोलाचाली बंद झाली. तेव्हापासून एकाचा निरोप दुसऱ्याला बाईंमार्फत जायचा. "त्यांना सांगा, त्यांचा तास माझ्या तासात घुसतोय." बाई पाच पावलं चालून सांगायच्या. नऊ वर्षांत त्या पावलांची एक तीर्थयात्रा झाली असती, आणि पुण्य तरी पदरात पडलं असतं.

पण आजची सभा मरून चालणार नव्हती. विषयपत्रिकेवर सहावा विषय बाईंचा स्वतःचा होता. ग्रंथालयाच्या कार्यालयात जागा रिकामी झाली होती आणि बाईंचा बदलीचा अर्ज वर मंजूर झाला होता. फक्त विभागाची 'हरकत नाही' हवी होती, तीही आज संध्याकाळी मुख्य कार्यालय बंद व्हायच्या आत. नाहीतर ती खुर्ची दुसऱ्या कुणाची. आणि ग्रंथालयाची खुर्ची म्हणजे काय! तिथं बोलणाऱ्याला गप्प करायचा पगार मिळतो.

फोन वाजला. घरून होता.

"अगं, झाला का कोरम?" नवऱ्याने विचारलं.

"अहो, चार झालेत. पाचवे बाथरूमला गेलेत."

"मग चौघांना दोरीने बांधून ठेव."

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "तिला म्हणावं, बाहेरून कडी लाव!" त्या घरात आता कोरम शब्द मीठ-मिरचीसारखा झाला होता. जेवायला बसताना सासूबाई माणसं मोजायच्या आणि म्हणायच्या, "कोरम झाला गं, वाढ."

बाईंनी फोन ठेवला, तोच शिपाईमामा आले. "बाई, ही खोली सोडावी लागेल. शेजारच्या विभागाची तोंडी परीक्षा आहे इथं."

"कुणी दिली त्यांना खोली?"

"साहेबांनी."

बाई विभागप्रमुखांकडे वळल्या. प्रमुख सज्जन होते. सज्जनपणाचा त्यांना आजारच होता. कुणीही काहीही मागितलं की "बघूया" म्हणायचे. मागणारा त्याला होकार समजायचा, बाई नकार समजायच्या आणि स्वतः प्रमुख दोन्ही विसरायचे. पाठीमागे त्यांना सगळे बघूयासर म्हणत.

"सर, तुम्ही ही खोली त्यांना दिलीत?"

"दिली असं नाही... बघूया म्हटलं होतं."

"आणि आजची आपली सभा?"

"अरे हो. मग... बघूया."

बाईंच्या कपाळावरची शीर उडायला लागली. पण ओरडायला वेळ नव्हता. सहाव्या मजल्यावरची छोटी खोली रिकामी होती. त्यांनी मामांना फायली दिल्या, वाटेत गप्पा मारत रेंगाळलेल्या ग्रंथकारसरांना बाथरूमच्या दाराशीच गाठलं आणि सगळा लवाजमा लिफ्टपुढे आणून उभा केला.

लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. आत पाटी होती : 'फक्त चार व्यक्ती.' चौघे आत शिरले. पाचवे परीक्षकसर बाहेर उभे राहिले, आत ग्रंथकारसर आहेत हे पाहून.

"मी जिन्याने येतो," परीक्षकसर म्हणाले.

"अवश्य," ग्रंथकारसर भिंतीला उद्देशून म्हणाले. "काही माणसांना वर पोहोचायला वेळ लागतोच."

झालं. परीक्षकसर आत घुसले. आता पाच झाले. "एकाने उतरा," बाई म्हणाल्या. कुणी हललं नाही. उतरणारा धाकटा ठरला असता.

"एक मुद्दा," असं म्हणत सगळ्यात तरुण प्राध्यापक कोपऱ्यातून बोलले. त्यांचं प्रत्येक वाक्य असंच सुरू व्हायचं, म्हणून त्यांना मुद्दासर म्हणत. "उतरायचं कुणी, ते सेवाज्येष्ठतेने ठरवायचं की लिफ्टमधल्या प्रवेशाच्या क्रमाने? कारण सगळ्यात ज्येष्ठ तेच शेवटी आत आलेत."

"मुद्दासर, तुम्ही सगळ्यात बारीक आहात, तुम्ही उतरा ना," परिसंवादबाई म्हणाल्या. त्यांच्या पायाशी चाकांची बॅग होती. सभेनंतर थेट दुसऱ्या गावच्या परिसंवादाला निघायचं होतं. बॅग धरून साडेपाच माणसं झाली.

"मी उतरलो तर कोरम—"

"जा एकदाचे!" बाई किंचाळल्या आणि त्यांनीच जाळीचं दार ओढून लावलं. लिफ्ट कण्हत वर निघाली. बाई आणि मामा जिन्याने.

तिसऱ्या मजल्यावर बाई दम खायला थांबल्या, तेवढ्यात वर काहीतरी धप्पकन झालं आणि कण्हणं थांबलं.

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली होती. बाईंनी मान वर केली. जाळीच्या वरच्या भागातून त्यांना गुडघ्यापर्यंतचे पाय दिसत होते. पाच जोड्या आणि एक बॅग.

"बाई!" वरून प्रमुखांचा आवाज आला. "लिफ्ट बंद पडलीय!"

"दिसतंय सर."

"काय करायचं?"

"बघूया," बाई म्हणाल्या. हा शब्द आज पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून गेला, आणि फार गोड लागला. मग त्यांनी मामांना पलीकडच्या इमारतीतून लिफ्टवाल्याला आणायला पिटाळलं.

वर गोंधळ सुरू झाला. मोबाइलला रेंज नाही. परिसंवादबाईंची गाडी चुकणार. ग्रंथकारसर आणि परीक्षकसर नाकाला नाक लावून उभे. वळायला जागाच नव्हती. बाई खाली उभ्या राहून संतापाने धुमसत होत्या. अकरा वर्षं! यांचे तास लावले, यांच्या रजा झाकल्या, यांची भांडणं वाहिली. आणि आज, एकाच दिवशी एकच काम माझं होतं, तर हे वर जाऊन लटकले!

त्यांनी सवयीने पाय मोजले. दहा. म्हणजे पाच माणसं. एकही उठून जाऊ शकत नव्हता.

बाईंचं धुमसणं एकदम थांबलं. त्यांनी कोपऱ्यातलं मोडकं स्टूल ओढलं, त्यावर बसल्या, मांडीवर फाइल उघडली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कोरम पुरा झाला. सभा सुरू करते."

"काय?" पाचही आवाज.

"एक मुद्दा," कोपऱ्यातल्या बुटांतून आवाज आला. "सूचनेत सभेचं ठिकाण सहावा मजला आहे."

"सहाव्या मजल्याच्या वाटेवर आहात ना? जायला कुणाची हरकत आहे का? मग बसा... म्हणजे उभे राहा. विषय पहिला : दुसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

"केला," एकजण म्हणाला.

"मला हात दिसत नाहीत. पाय पुढे करा."

मग पाच पाय जाळीला लागले. जो अभ्यासक्रम तीन महिने अडला होता, तो एका दमात मंजूर झाला. आत हवा कमी होती आणि वाद घालायला हवा लागते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची नावं, मंजूर. वाचनकक्षाच्या वेळा, मंजूर. निवृत्त प्राध्यापकांचे फोटो कोणत्या भिंतीवर लावायचे यावर मागे दोन राजीनामे आले होते, तेही मंजूर. पाचव्या विषयाला तर बाईंनी वाक्य पुरं करायच्या आत पाय पुढे आले.

"बाई, कमाल आहे तुमची," परिसंवादबाईंच्या सॅन्डल्स म्हणाल्या. "इतकी सुटसुटीत सभा मी परदेशातही पाहिली नाही."

बाईंनी फाइलचं पान उलटलं. "विषय सहावा. कार्यालय अधीक्षकांच्या ग्रंथालयातल्या बदलीस विभागाची हरकत नाही. मंजूर असेल त्यांनी पाय पुढे करा."

एकही बूट हलला नाही.

"पाय पुढे," बाई पुन्हा म्हणाल्या.

वर कुजबुज झाली. मग प्रमुखांचा आवाज आला. "बाई, म्हणजे... तुम्ही गेलात तर हे सगळं कोण करणार?"

"ते बघूया की, सर."

"नाही हो, गंमत नाही. आत्ता तुम्ही लिफ्टमध्ये सभा घेतलीत. दुसरं कुणी घेईल?"

"माझे निरोप कोण नेणार?" परीक्षकसर घाबऱ्या आवाजात म्हणाले.

"अगदी बरोबर!" ग्रंथकारसर म्हणाले. "मी यांच्याशी पूर्ण सहमत आहे."

नऊ वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलले होते. परीक्षकसर गहिवरून म्हणाले, "तुमचा ग्रंथही तसा फार वाचनीय होता हो."

"एक मुद्दा," मुद्दासर म्हणाले. "बाईंशिवाय विभाग चालू शकत नाही, असा ठराव मी मांडतो."

पाच पाय खाडकन पुढे आले. अकरा वर्षांत विभागाचं पहिल्यांदा मनापासून एकमत झालं होतं, आणि ते बाईंच्या मुळावर.

बाईंना वाटलं, स्टूल उचलावं आणि जाळीवर हाणावं. डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं, उकळतं. इतकी वर्षं नीट काम केलं त्याची ही शिक्षा! कामचुकार असते तर यांनीच वाजतगाजत ग्रंथालयात नेऊन सोडलं असतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मामा आणि त्यांच्या मागे हत्यारांची पिशवी घेतलेला लिफ्टवाला.

"काही नाही बाई," वर बघून तो म्हणाला. "वजन जास्त झालंय. वरून हँडल फिरवलं की अलगद खाली येईल. लगेच करतो."

"आला का तो?" वरून पाच आवाज आले. "बाई, आला का?"

बाईंनी लिफ्टवाल्याकडे पाहिलं. त्याचा घाम पाहिला. मग वर, ग्रंथकारसरांच्या चपलांकडे पाहिलं. त्या चपला एका जागी ठरत नव्हत्या. डावी, उजवी, डावी, उजवी, असं काही तरी चाललं होतं. ग्रंथकारसरांचं मघाचं 'आलोच' बाईंनी मध्येच तोडलं होतं, हे त्यांना आठवलं.

"दादा," बाई अगदी मायेने म्हणाल्या, "धावत आलात ना? चहा झाला का तुमचा?"

"नाही अजून, पण आधी—"

"आधी चहा. मामा, यांना खाली घेऊन जा. बिस्किटंही द्या. आणि सावकाश हं, गरम असतो."

मामांनी एकदा बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं. मग त्यांनी लिफ्टवाल्याची हत्यारांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. "चला दादा. आमच्या बाईंचं ऐकावं लागतं."

पावलं खाली गेली.

"बाई?" प्रमुखांनी हलक्या आवाजात विचारलं. "तो कुठे गेला?"

बाईंनी स्टूल जरा जाळीजवळ सरकवलं, चष्मा पुसला आणि फाइलच्या तळाशी नवी ओळ घातली.

"विषय सातवा," त्या म्हणाल्या. "विषय सहाचा फेरविचार."

"हे बरोबर नाही बाई!" परीक्षकसर ओरडले.

"एक मुद्दा—"

"मांडा ना, सविस्तर मांडा. मला घाई नाही. चहा गरम आहे."

कुणीतरी सुस्कारा सोडला. आणि मग, सगळ्यांच्या आधी, एक चप्पल जाळीला येऊन आदळली. ग्रंथकारसरांची होती.

"मंजूर!" ते कळवळून म्हणाले. "बाई, मंजूर! हवं तर दोन्ही पाय घ्या!"

"एकच पुरे, सर."

"ते गेले तर मीही," परीक्षकसर म्हणाले आणि त्यांचा बूट पुढे आला. नवी मैत्री होती, मोडवेना. मागोमाग सॅन्डल आली, गाडीची वेळ सांगत. मग मुद्दासरांचा पाय, तोंडातून अवाक्षर न काढता.

राहिला एक. प्रमुखांचे काळे बूट जिथल्या तिथे.

"सर?" बाई म्हणाल्या.

"बाई, मी काय म्हणतो... बघू—"

चार आवाज एकदम त्यांच्यावर तुटून पडले. लिफ्ट हलली. मग काळा बूट हळूच, सरपटल्यासारखा, जाळीपर्यंत आला.

"मंजूर," प्रमुख म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

बाईंनी ते लिहिलं. खाली रेघ मारली. कागद आणि पेन जाळीतून वर सरकवलं. एक हात खाली वाकला, घेऊन गेला, आणि पाच सह्यांसह परत आला. सह्या वाकड्यातिकड्या होत्या, पण होत्या.

मग त्या उठल्या, फाइल बगलेत मारली, जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकल्या आणि हाक दिली, "दादा, झाला का हो चहा?"