काडी कुणी मोडली?

"कागदच पायजे ना? उद्याचा दिवस मावळायच्या आत आनून तुमच्या हातावर ठेवते! सोजर म्हनत्यात मला!"

असं म्हणून सोजरबाईनं पदर खोचला आणि घोटाळ्याची मुहूर्तमेढ तिथंच रोवली गेली. भोसरीत सोजरबाईनं पदर खोचला की गल्लीतली कुत्रीसुद्धा आडोसा बघायची.

समोर खाटेवर थेरगावचे रंगराव बसले होते. त्यांच्या मुलीचं सोजरबाईच्या विलासशी जमत आलं होतं. रंगराव कंपनीत तयार माल तपासायच्या कामावर होते. दिवसभर हातात गेज! माप बसलं तर पास, केसाएवढं चुकलं तरी लाल रंगाचा ठिपका! ही खोड त्यांच्या रक्तात भिनली होती. बायकोनं ताटात वाढलेली भाकरीसुद्धा ते आधी फिरवून फिरवून बघतात, असं थेरगावात बोललं जायचं.

"मुलगा चांगला आहे," रंगराव म्हणाले. "परमनंट आहे, व्यसन नाही. पण त्याला पहिली बायको आहे."

"हाय न्हाई, हुती! काडीमोड झालीया. रीतसर!"

"रीतसर झाली असेल तर कागद दाखवा. कागद बघितल्याशिवाय मी मुलगा पास करणार नाही."

आता काडीमोडीला कसला आलाय कागद? नवरा-बायकोचं पटेनासं झालं की भावकीतले पंच बसतात. नवरा वाळक्या गवताची काडी हातात घेतो, 'आजपासनं तुझी वाट तुला, माझी वाट मला' असं म्हणतो, काडी मोडतो आणि तुकडे दोन दिशांना फेकतो. झालं! दोघंही मोकळी. मग पंचांना जेवण. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी घालून दिलेली रीत ती, तिच्यात शाईचं काय काम?

विलासची आणि कस्तुराची काडीमोड सोजरबाईच्याच अंगणात, लिंबाखाली झाली होती. कस्तुरा चाकणची. तिचं तोंड सासूच्या तोंडाला तोडीस तोड. एका चुलीवर दोन उलथनी किती दिवस वाजणार? विलास बिचारा दोघींच्या मध्ये पापडासारखा भाजून निघाला. शेवटी सोजरबाईनंच पुढाकार घेतला. पंच तिनं बोलावले, काडी तिनं निवडली, मटण तिनं रांधलं. विलासची त्या दिवशी दुसरी पाळी होती, पण त्याच्यावाचून सोजरबाईचं कधी काही अडलं नव्हतं.

घरात तिचा नवरा धोंडीबाही होता. होता म्हणजे खुंटीवर टोपी असते तसा होता. बायको सांगेल ते करायचा, वाढेल ते खायचा. रेशनची साखर पाहुण्यांसाठी डब्यात आणि डबा फळीवर. धोंडीबाला चहात साखर लागते का, हे उभ्या संसारात कुणी विचारलं नव्हतं.

तर दुसऱ्या दिवशी सोजरबाई पुढं आणि पिशवी घेतलेला धोंडीबा मागं, अशी वरात कासारवाडीहून गाडी धरून शिवाजीनगरला कोर्टात पोचली. कुणीतरी एक खिडकी दाखवली. आत कारकून आणि कारकुनामागं कपाटंच कपाटं.

"काय पाहिजे, बाई?"

"माज्या पोराची काडीमोड काढून द्या."

कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला. "घटस्फोटाची नक्कल? साल कोणतं? दाव्याचा नंबर?"

"दावा कशाला करू? माजं काय कुनाशी वैर हाय?"

"दावा नाही तर निकाल कसा लागला?"

"निकाल म्या लावला!"

खिडकीमागची रांग हसायला लागली. कारकून मात्र सज्जन. त्यानं विलासचं नाव विचारलं, कस्तुराचं विचारलं, उठून जाऊन खरोखर शोधून आला. "बाई, इथं कोर्टानं मोडलेल्या लग्नांचे कागद असतात. तुम्ही घरी मोडलेल्यांचे नसतात."

"नीट बगा! भोसरीत, लिंबाखाली झालती. मंग एवढी कपाटं भरून ठिवलीत ती कशाची? माज्या माळ्यावर बी एवढी अडगळ न्हाई!"

रांगेतला एक जण म्हणाला, "मावशी, माझं लग्न मोडायला मी इथं वर्षानुवर्षं खेटे घालतोय. तुम्ही अंगणात एका दुपारी मोडलंत! तुम्हीच वर खुर्चीत जाऊन बसा!"

ही थट्टा होती. सोजरबाईनं ती तारीफ म्हणून घेतली आणि मानेनंच त्याला बरं म्हटलं.

बाहेर झाडाखाली एक वकील भेटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "तुमच्यात ही रीत पूर्वापार असेल तर कायदा ती मानतो," तो म्हणाला.

सोजरबाईनं विजयी नजरेनं धोंडीबाकडं बघितलं. जणू कायदा तिनंच केला होता.

"पण रीत जशीच्या तशी पाळली गेली हे दाखवावं लागतं. कोण हजर होतं, काडी कुणी मोडली, काय बोलला, ते सगळं पंचांकडून लिहून आणा. मग आपण त्यांचं प्रतिज्ञापत्र करू."

धोंडीबा खोकला.

"काय झालं?" सोजरबाईनं डोळे वटारले.

"काय न्हाई."

"मंग खोकू नका. लोकास्नी वाटंल कोर्टात आजारी मानूस आनलाय."

धोंडीबा पुन्हा खोकला नाही.

गुरुवारी कंपन्या बंद, म्हणून गुरुवार ठरला. विलास घरी होता. पंच जमले, त्यांतले थोरले ज्योतीरामआबा पुढं बसले. कस्तुराही चाकणहून आली. तिथं ती कांद्याच्या वखारीत कामाला लागली होती आणि काडीमोडीचा कागद तिलाही हवाच होता. रंगराव तर सगळ्यांच्या आधी येऊन, मांडीवर फळी घेऊन, पेन उघडून बसले होते.

"लिवा," आबा म्हणाले. "पंच बसलं."

"बसले. पुढं?"

"काडी आनली."

"कसली? लांबी किती?"

"काडीची लांबी कोन मोजतंय? काडी ती काडी!"

रंगरावांना ते पटलं नाही. त्यांनी 'काडी, एक नग' असं लिहिलं. "पुढं?"

"मंग काडी मोडली."

"कुणी मोडली?"

आबांनी पागोट्याखाली बोट घालून डोकं खाजवलं. विलासनं पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. सोजरबाईला एकाएकी चुलीवरच्या दुधाची आठवण झाली.

"सांगा की, आबा!" कस्तुरा लिंबाला टेकून म्हणाली. "मामंजींनी मोडली!"

रंगरावांचं पेन जागच्या जागी थांबलं. "धोंडीबांनी? आणि विलास?"

"त्यो कंपनीत हुता!" सोजरबाई दूध विसरून परतली. "तवा त्यो परमनंट व्हायचा हुता. शिफ्ट मोडायची का काडी मोडायची?"

"मग गुरुवारी ठेवायचं! सुट्टी असते!"

"गुरवारी? आन मटन? गुरवारी कोन खातंय? पंचांना काय आळनी वरन वाढू? बाप हुता की घरात! बापानं मोडली काय न् लेकानं मोडली काय!"

"लेकाच्या वतीनं बापानं मोडायची रीत आहे का, आबा?"

आबांनी आभाळाकडं बघितलं. "न्हाई," ते म्हणाले. "नवऱ्याच्या जागी त्याचा खांडा पाठवून लगीन लागल्याचं ऐकलंय. बाप पाठवून काडीमोड झाल्याची न्हाई ऐकली."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"रश्श्याचा वास सुटला हुता."

रंगरावांनी लिहिलेलं पहिल्यापासून वाचलं. "पंच बसले. काडी आणली. धोंडीबांनी मोडली. ज्यानं काडी मोडली त्याचं लग्न मोडलं, असंच ना?"

"व्हय," आबा म्हणाले.

"मग धोंडीबांची बायको कोण?"

लिंबावरचा कावळासुद्धा पुढचं ऐकायला थांबला.

"अवं, ते सुनंला म्हनत हुते! मला न्हाई!" सोजरबाई ओरडली.

"तसं नव्हं, आत्याबाई," कस्तुरा म्हणाली. तिचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. "मी तुमच्या मागं उभी हुते. 'तुजी वाट तुला' म्हनताना मामंजींचं तोंड तुमच्याकडंच हुतं. म्या मनात म्हनलं, मामंजी किती काळजापासनं बोलत्यात!"

सगळ्यांनी धोंडीबाकडं बघितलं. खुंटीवरच्या टोपीकडं एवढ्या लोकांनी एकदम कधी बघितलं नव्हतं.

"अवं, तुमी तरी बोलायचं!"

"तू म्हनलीस मोड. मोडली," धोंडीबा म्हणाला. "कोर्टात खोकलो की."

विलासचं काम सोपं निघालं. पंच बसलेले, कस्तुरा हजर, अंगणात वाळकं गवत हवं तेवढं. विलासनं स्वतःच्या हातानं काडी मोडली, तुकडे फेकले. रंगरावांनी दोन्ही तुकडे शोधून आणले, टोकं बघितली आणि म्हणाले, "पास!" वकिलापुढं सांगायला आता सगळं मापात होतं. मटण नव्हतं, त्यामुळं पंचांचं लक्षही जागेवर होतं.

कस्तुरानं पिशवी उचलली. "येते, आत्याबाई. आता तुमी आन मी एकाच मापाच्या!"

सोजरबाईनं उलटून बोलायला पदर खोचला. तोवर कस्तुरा वेशीपलीकडं गेली होती.

"चला, आता तारीख काढू!" सोजरबाई रंगरावांना म्हणाली.

"तारीख कशी काढणार? देवकाला जोडपं लागतं. मुलाचे आई-बाप म्हणून मांडवात बसणार कोण? आमचे पाहुणे विचारतील, ही बाई कोण? माझ्या मुलीच्या लग्नाला मला लाल ठिपका नको. आधी तुमचं लग्न मापात बसवा."

सोजरबाईचा चेहरा पडला. विलासच्या लग्नात शालू नेसून मिरवायचं तिनं कधीचं ठरवलं होतं. आता पोटच्या पोराच्या मांडवात ती कुठं बसणार? आचाऱ्याजवळ?

"त्यात काय एवढं, वहिनी!" आबांनी धीर दिला. "धोंडीबासंगं पाट लावायचा, दुसऱ्यांदा लगीन, का झालं! पर दोघं बी राजी पायजेत."

"राजीच हाय! लावा आत्ताच्या आत्ता!"

"धोंडीबाला इचारावं लागंल."

"त्यास्नी काय इचारायचं?"

"रीत हाय, वहिनी. न्हाईतर पुन्यांदा तेच हुईल."

रंगराव पेन उघडून सज्ज झाले. "धोंडीबा, राजी आहात का?"

धोंडीबानं चंची काढली. तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला. मळत राहिला. दोनदा झटकली. कुणी घाई केली नाही. सोजरबाईसुद्धा पदर हातात धरून उभी होती. चिमूट दाढेखाली ठेवून धोंडीबानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बायकोवर आणून थांबवली.

"इचार करून सांगतो," तो म्हणाला.

विलासची तारीख अजून निघालेली नाही. रंगराव दर गुरुवारी येऊन विचारून जातात. फळीवरचा साखरेचा डबा खाली चुलीजवळ आला आहे. सकाळी सोजरबाई कपबशी घेऊन खाटेशी येते, पदर डोक्यावर नीट घेते आणि विचारते, "बगा बरं, गोड झालाय का?"

धोंडीबा घोट घेतो. डोळे मिटतो.

"जरा कमी हाय," तो म्हणतो.