बर्फावरच्या पाच भाच्या

गेल्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी, व्हेस्टरबी गावच्या वाचनालयाच्या तळघरात, पाच प्रौढ पुरुष एकाच वेळी रडले. पाचांचं मिळून वय तीनशे अठ्ठावीस.

असं काही झालेलं नाही. त्या दिवशी तळघरात बॉयलरवर चर्चा झाली आणि बॉयलरच्या धुराने सभासदांचे डोळे चुरचुरले. कार्यवृत्तात तसं लिहिलेलं आहे. बॉयलर विजेवर चालतो, पण ते कार्यवृत्तात नाही. तेव्हा जे झालंच नाही ते कसं झालं, एवढंच इथे सांगायचं आहे.

आर्लिस ट्वेट ही आमच्या वाचनालयातली तरुण वाचकांची ग्रंथपाल. वय एकसष्ट. मिनेसोटात जानेवारीत कोण तरुण नि कोण म्हातारं ते कळत नाही, सगळेच टोपीच्या आत असतात, म्हणून तिच्या वयावर कुणी बोललं नव्हतं. तिच्या ताब्यात एक कोपरा होता. चार कपाटं, बसायला एक भली मोठी गबदुल उशी, आणि ड्रॅगन, शापित राज्यं, पंखवाले राजपुत्र आणि त्यांच्यावर नाइलाजाने प्रेम करणाऱ्या मुली यांच्या चारशे कादंबऱ्या.

पुस्तक सुचवणं हे आर्लिसच्या लेखी डॉक्टरकीचं काम होतं. समोर मूल आलं की ती आधी चष्मा पुसायची, मग कार्ड काढायची.

"रडायला किती चालेल?"

"मध्यम," ब्रिन सॉर्ली म्हणाली. ब्रिन पंधरा वर्षांची होती आणि कोपऱ्याची सर्वांत नेमाची वाचक होती.

"ड्रॅगन बोलका हवा की मुका?"

"मुका. बोलके फार उपदेश करतात."

"पहिलं चुंबन?"

"दोनशे पानांच्या आधी झालं तर मी पुस्तक परत आणून देईन."

आर्लिसने कार्डावर '२०१' लिहिलं आणि कपाटाकडे गेली. बाकी काही बोलायची गरज नव्हती.

कोण काय वाचतं हे ती कुणालाही सांगत नसे. कायदाच तसा आहे, पण आर्लिस कायद्याच्याही दोन पावलं पुढे होती. तिच्या सख्ख्या बहिणीने एकदा घटस्फोटावरची तीन पुस्तकं नेली. आर्लिस त्यानंतरही दोन वर्षं मेव्हण्याला नाताळची भेट पाठवत होती. रीतसर घटस्फोट झाल्यावरच थांबली.

संकट आलं ते माशाच्या रूपाने. वाचनालय समितीचा अध्यक्ष एलरॉय हौगलंड याच्या वडिलांनी सत्त्याऐंशी साली बावन्न इंचांचा मस्की मासा पकडला होता. पेंढा भरलेला तो मासा इतकी वर्षं एलरॉयच्या गॅरेजमध्ये होता. या हिवाळ्यात बायकोने त्याला विचारलं, घरात मासा राहील की मी? एलरॉयने विचार करायला आठवडा मागितला, त्यामुळे प्रकरण चिघळलं.

"आर्लिस, तुझा तो कोपरा," एलरॉय म्हणाला. दोघं शाळेत एका वर्गात होते. "तिथे मी कधी पोरगं बघितलं नाही."

"तू आलास की जातात."

"मग येतात कधी?"

"तू गेलास की."

"हे बघ, मला भांडायचं नाहीये. दुसऱ्या मंगळवारी समितीची सभा आहे. तोवर कोपऱ्यातली साठ पुस्तकं बाहेर गेली, तर कोपरा राहील. नाही गेली, तर तिथे मासा येईल."

"काचेच्या पेटीत?"

"आत दिवा लावून."

साठ म्हणजे आर्लिसच्या कोपऱ्याचा अख्ख्या हिवाळ्याचा आकडा. तिने एक युक्ती काढली. फेब्रुवारीत प्रेमदिनाच्या निमित्ताने आमच्याकडे पुस्तकं खाकी कागदात गुंडाळून ठेवायची पद्धत आहे. नाव झाकलेलं, वर फक्त दोन ओळींची चिठ्ठी. माणूस न बघता लग्नाला होकार द्यावा तसं पुस्तक न्यायचं. आर्लिसने खाटकाकडून कागदाचं भेंडोळं आणलं, तीस कादंबऱ्या गुंडाळल्या आणि शाळेत पाठवायला एका प्लास्टिकच्या पेटीत भरल्या.

कागद उरला. इथे चूक झाली.

आमच्या गावातले पुरुष डिसेंबर ते मार्च गोठलेल्या तळ्यावर झोपड्या टाकून, बर्फाला भोक पाडून, माशाची वाट बघत बसतात. मासा येत नाही. म्हणून वाचनालय दरवर्षी तिकडे एक पेटी पाठवतं, त्यात युद्धाची आणि पाणबुड्यांची पुस्तकं असतात. उरलेल्या कागदात आर्लिसने तीही गुंडाळली, त्यांच्यावरही चिठ्ठ्या लावल्या. 'शाळा' आणि 'तळं' ही नावं पेट्यांच्या झाकणांवर होती. झाकणांना रस्त्यावरचं मीठ लागलं होतं, म्हणून तिने ती धुऊन हीटरवर वाळत घातली. वाचनालयाची गाडी ड्वेन चालवतो. तो समितीचा सभासदही आहे. त्याने हाताला येईल ते झाकण येईल त्या पेटीवर बसवलं.

"झाकण म्हणजे झाकण," असं ड्वेनने नंतर सांगितलं. या मतात अजून बदल झालेला नाही.

तळ्यावर एलरॉय आणि ड्वेनची झोपडी सामाईक होती, जरी त्यांचं दोन हजार अकरापासून पटत नव्हतं. एलरॉयने पेटीतलं पहिलं पुस्तक उचललं. वर चिठ्ठी होती: 'एकच झोपडी. एकच पलंग. बाहेर हिमवादळ. आणि दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नाही.'

एलरॉयने झोपडी बघितली. पलंग बघितला. ड्वेनकडे बघितलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"काय?"

"काही नाही. पाणबुडीचं आहे."

ते पाणबुडीचं नव्हतं. त्यात तामिस नावाची एक मुलगी होती आणि तिच्या बापाचं राज्य जाळणारा केल्विर नावाचा काळ्या पंखांचा राजपुत्र होता. नव्वदाव्या पानापर्यंत एलरॉय पाणबुडीची वाट बघत होता. त्यानंतर पाणबुडी आली असती तर त्याला राग आला असता.

"तुझ्या गळाची दोरी हलतेय," ड्वेन म्हणाला. त्याच्याही मांडीवर खाकी कागद सुटलेलं एक पुस्तक होतं.

"हलू दे."

चौथ्या दिवशी ब्रिन वाचनालयात आली आणि तिने एक जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं.

"मिस आर्लिस, तीनशे पानं झाली. सत्तर माणसं एका पाणबुडीत अडकली आहेत आणि अजून कुणी कुणाचा हातसुद्धा धरलेला नाही."

आर्लिसने पुस्तक बघितलं आणि ती खाली बसली.

"मला वाटलं प्रेम सावकाश पेटणार असेल," ब्रिन म्हणाली. "कप्तान आणि तो दुय्यम अधिकारी. एकशे चाळिसाव्या पानावर तो त्याला स्वतःचा कोट देतो. मी तिथे खूण घालून ठेवली. पण मग ते इंजिनाबद्दलच बोलायला लागले. ड्रॅगन नाहीच आहे ना यात?"

"नाही गं बाळा."

"शाळेत सगळे वैतागलेत. एकाने तर पाणसुरुंगालाच ड्रॅगन धरलं होतं."

आर्लिस तशीच गाडी काढून तळ्यावर गेली आणि झोपडीचं दार वाजवलं. आत धडपड झाली. दार उघडलं तेव्हा एलरॉय आमिषाच्या बादलीवर बसलेला होता, जिथे यापूर्वी कुणीही बसलेलं नव्हतं.

"एलरॉय, पेटी चुकून बदलली. तुमची शाळेत गेली."

"असं? आम्ही अजून उघडलीच नाही."

"मग दे परत."

"थोडी उघडली."

शेगडीत खाकी कागद जळत होता. आर्लिसने तिकडे बघितलं नाही. वाचकाच्या हातात गेलेलं पुस्तक तीन आठवडे वाचकाचं, हा तिचा नियम होता आणि तो बादलीखालच्या पुस्तकालाही लागू होता.

"मासे मिळतायत का?" तिने विचारलं.

"कसले मासे?" एलरॉय म्हणाला.

सोमवारी तो टोपी डोळ्यांवर ओढून वाचनालयात आला आणि कोपऱ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"माझ्या भाचीला त्याचा दुसरा भाग हवाय."

एलरॉयला बहीण नाही हे आर्लिसला पहिलीपासून माहीत होतं. तिने चष्मा पुसला आणि कार्ड काढलं.

"भाचीला रडायला किती चालेल?"

एलरॉयने आजूबाजूला बघितलं. "थोडंसं. झोपडीत दुसरं कुणी नसताना."

"चुंबन?"

"झालं पाहिजे," एलरॉय म्हणाला. "फार ताणलंय."

मंगळवारी ड्वेन आला. त्याचीही भाची होती. पेटी तळ्यावरच्या इतर झोपड्यांतही फिरली होती; बुधवारी समितीचे उरलेले तिघं वीस-वीस मिनिटांच्या अंतराने आले. तिघांच्याही भाच्या थंडीने आजारी होत्या आणि तिघींचाही केल्विरवर जीव जडला होता. प्रत्येकाला वाटत होतं की गावात हे वाचणारा पुरुष आपण एकटेच, आणि आर्लिस कुणाचा गैरसमज दूर करणारी बाई नव्हती. पाचही जणांनी दुसरा भाग वाचला, मग वाट बघता येईना म्हणून मिळेल ती ड्रॅगनची पुस्तकं नेली, मग तिसऱ्या भागासाठी नंबर लावले. तिसऱ्या भागाची प्रत एकच होती.

पुढच्या मंगळवारच्या सभेपर्यंत कोपऱ्यातली चौसष्ट पुस्तकं बाहेर गेली होती.

सभेला समितीचे पाच जण, आर्लिस, आणि प्रेक्षकांच्या खुर्चीत ब्रिन. एलरॉयच्या बायकोने दुपारीच मासा गाडीत ठेवून दिला होता. तो बाहेर उणे सव्वीसमध्ये उभ्या गाडीच्या खिडकीतून बघत होता.

"आकडा भरलाय, मान्य," एलरॉय कागदाकडे बघत म्हणाला. "पण कोपरा तरुणांचा आहे. आणि तरुण तर कुणाला दिसत नाहीत. मासा निदान दिसतो तरी."

ब्रिन उभी राहिली. "मी दिसतेय का?"

"तू एक झालीस."

"त्या राजपुत्राच्या तिसऱ्या भागासाठी माझा नंबर सहावा आहे. शाळेत ती मालिका मी एकटी वाचते, मी सगळ्यांना विचारलंय. मग माझ्या पुढचे पाच कोण?"

पाचही सभासदांनी छताकडे बघितलं. छताला बघण्यासारखं काही नाही.

"मिस आर्लिस, सांगा ना," ब्रिन म्हणाली. "पाच नावं सांगितली की झालं. कोपरा वाचेल."

हे खरं होतं. नुसतं एकेका खुर्चीकडे बोट दाखवलं असतं तरी काम झालं असतं. आर्लिसने हात टेबलावर ठेवले. सत्तावीस वर्षं ती त्या चार कपाटांची धूळ पुसत होती. तिच्या शेजारी बसलेल्या ड्वेनचा श्वास ऐकू येत होता.

"नाही सांगता येणार."

"कोपरा गेला तरी?"

"गेला तरी. उद्या तू काय वाचतेस हे कुणी विचारलं, तर त्यांनाही हेच उत्तर मिळेल."

ब्रिन खाली बसली आणि मफलर गुंडाळू लागली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "नंबर लागून तरी काय होणार? केल्विर मरतोच. पान चारशे बारा. इंटरनेटवर सगळ्यांना माहितीये."

तळघरात कुणीतरी "नाही!" असं ओरडलं. कार्यवृत्तानुसार तो बॉयलर होता.

"कसा?" एलरॉयचा आवाज फाटला.

"भाला लागून."

"पण तिला... तिला सांगून ना?"

"नाही. ती पोचायच्या आधी."

एलरॉयने टोपी तोंडावर धरली. पलीकडचा सभासद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "माझ्या भाचीला हे सोसायचं नाही," तो भिंतीला म्हणाला.

"कुठली भाची?" त्याच्या शेजाऱ्याने विचारलं. त्याचा स्वतःचा रुमाल ओला होता. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग सगळ्यांनी सगळ्यांकडे, आणि कुणाला काही विचारायचं उरलं नाही.

ड्वेन तेवढा चकित झाला नव्हता. तो गेले तीन-चार दिवस काही बोलला नव्हता आणि झोपडीत एलरॉयला आपणहून कॉफी देत होता. त्याने कोटाच्या आतून तिसरा भाग काढला आणि टेबलावरून ब्रिनकडे सरकवला.

"पोरी, चारशे अकरापर्यंत वाच आणि मिट," तो म्हणाला. "मी नाही मिटलं."

"कॉफी द्यायला लागलास, म्हणजे अकरापासून तुला माहीत होतं?" एलरॉय म्हणाला.

"पान अकरा?"

"तारीख अकरा! फेब्रुवारी!"

"नऊ," ड्वेन म्हणाला. "म्हटलं, तुला अजून थोडे दिवस मिळावेत."

दोन हजार अकरामध्ये त्यांचं कशावरून बिनसलं होतं हे त्या क्षणी दोघांनाही आठवेना. एलरॉयने नाक पुसलं, कोपरा ठेवण्याच्या बाजूने हात वर करायला सांगितलं, आणि आर्लिसने पाच हात मोजून तशी नोंद केली. मासा घरी नेता येत नव्हता. तो आता बॉयलरच्या खोलीत आहे आणि बॉयलर चांगला चालतो.

सभेत एवढंच झालं, म्हणजे काहीच झालं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या शिक्क्यानिशी एक पत्र टपालात पडलं.

'प्रति, मा. प्रकाशक. विषय: पृष्ठ ४१२ वरील मृत्यूबाबत. महोदय, उपरोक्त विषयी समितीने एकमताने ठराव केला आहे. त्यास अनुसरून विनंती करण्यात येते की, राजपुत्र केल्विर यांचा मृत्यू तत्काळ रद्द करण्यात यावा व तसे शुद्धिपत्र तळ्यावरील बर्फ वितळण्यापूर्वी या कार्यालयास पाठवावे. तांत्रिक कारणास्तव हे शक्य नसल्यास, सदर मृत्यू पृष्ठ ४१२ ऐवजी पृष्ठ ४४० वर घ्यावा, जेणेकरून मधल्या अठ्ठावीस पानांत कु. तामिस यांना वेळेवर पोचता येईल व जे सांगायचे ते सांगता येईल. कळावे.'